चौथा पट्टा

विमा कंपनीच्या वकिलाचं पत्र शुक्रवारी आलं आणि रविवारची जेवणं उरकेपर्यंत घरात सरळ दोन तट पडले. तसं या घरात तट पडायला पत्रच लागतं असं नाही. मागे शेडच्या फाटकाला कुठला रंग द्यायचा एवढ्यावरून अक्का तीन महिने माहेरी फिरकली नव्हती. पण या वेळी विषय आप्पांच्या पायाचा होता, आणि पाय आप्पांचा असला तरी त्यावर बोलायचा पहिला हक्क आपला, असं प्रत्येकालाच वाटत होतं.

आप्पा पुढच्या खोलीत, खिडकीशी सरकवलेल्या पलंगावर पडून होते. मांडीच्या हाडात सळई घातलेली, मनगट प्लास्टरमध्ये, कपाळावरची जखम आता सुकत आलेली. अपघाताला आज सतरावा दिवस होता. बहात्तराव्या वर्षी गाडीनं उडवलेला माणूस शुद्धीवर राहतो, दवाखान्यातून घरी येतो आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो, हे आईला अजून खरं वाटत नव्हतं. ती सतरा दिवस आभार मानत सुटली होती. हाड जोडणाऱ्या डॉक्टरांचे मानले, वॉर्डात फरशी पुसणाऱ्या बाईचे मानले, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला शोधून काढून त्याचे मानले. दवाखान्याची लिफ्ट त्या दिवशी बंद पडली नाही म्हणून लिफ्टचेसुद्धा मानले, असं धाकटा मुलगा सांगत असे. पण तिच्या यादीत सगळ्यात वरचं नाव होतं ते चष्मेवालीचं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण आप्पांना उडवलं होतं तिनंच.

चौकापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ही पोरगी. दिवेलागणीला दुकानातून घरी निघाली होती. झेब्रा क्रॉसिंगवर आप्पा होते, ते तिला दिसले तेव्हा ब्रेक लावूनही उपयोग नव्हता. पण ती पळाली नाही. स्वतःचा कोट काढून आप्पांच्या डोक्याखाली दिला, कपाळ दाबून धरलं, त्यांच्याच खिशातल्या फोनवरून आईला फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती आप्पांशी बोलत राहिली, त्यांना झोपू दिलं नाही. पोलिसांना तिनं पहिलं वाक्य सांगितलं ते “चूक माझी आहे,” असं. दाजींच्या मते वकिली व्यवसाय बुडवायला एवढं एक वाक्य पुरे होतं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. ते वकील खरे, पण हयात गेली घरांच्या आणि जमिनींच्या कागदपत्रांत. अपघाताचं प्रकरण त्यांनी कधी हाताळलेलं नव्हतं. तरीही सासऱ्यांसाठी त्यांनी तीन दिवस पुस्तकं चाळली होती, आणि आता ते खुर्चीत बसून सगळ्यांना कायदा समजावत होते. त्यांचं सांगणं असं, की पट्ट्यावर पाऊल पडलं की रस्ता चालणाऱ्याचा. गाडीनं थांबायचं. तेव्हा दोष सुरू होतो तो सोळा आणे गाडीवालीपासून. पण चालणाऱ्यानंही अंगात जीव असल्यासारखं चालायला हवं. तो रस्त्याच्या मधोमध उगाच थांबला, वाकून बसला, असं सिद्ध झालं तर त्या सोळातले चार-सहा आणे त्याच्या पदरात पडतात, आणि भरपाई तेवढी घटते. “पट्ट्यावर चालायचा हक्क आहे, बैठक मारायचा नाही,” असं म्हणून त्यांनी पत्रातलं वाक्य वाचलं. सदर पादचारी क्रॉसिंगच्या मध्यावर विनाकारण थांबून खाली वाकला होता, असं समोरच्या पानवाल्यानं सांगितल्याचं कंपनी म्हणत होती.

विनाकारण, हा शब्द ऐकून थोरल्यानं मान खाली घातली. कारण त्याला माहीत होतं.

या घराण्याचा धंदा रस्त्यावर पट्टे मारायचा. आजोबांनी दोरी आणि ब्रशवर सुरू केला, आप्पांनी रंग उकळायची भट्टी आणली, मुलांनी यंत्रं आणली. आणि आजोबांपासूनची एक रीत होती, की नवं क्रॉसिंग झालं की घरच्या कर्त्या माणसानं ते एकदा दिवेलागणीला स्वतः चालून बघायचं, समोरून गाड्यांचे दिवे येत असताना. पट्टा दिवसा सगळ्यांचाच पांढरा दिसतो, खरा कळतो तो दिव्यांच्या उजेडात. रंग उकळता असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी शिंपडतात, मिठाच्या कणाएवढे. ते रंगात रुततात आणि गाडीचा उजेड परत गाडीवाल्याच्या डोळ्यांत फेकतात. मणी नसतील तर संध्याकाळी पट्टा आणि डांबर यात फारसा फरक उरत नाही. थोरल्यानं धंदा हाती घेऊन आठ वर्षं झाली, तरी चालून बघायचा मान आप्पांनी सोडला नव्हता.

त्या गुरुवारी चौकातलं क्रॉसिंग थोरल्याच्या टोळीनं मारलं होतं. धाकटा दुसऱ्या कामावर होता. तीन पट्टे झाले आणि लक्षात आलं, की मण्यांच्या पोत्यांना ओल लागली आहे. मणी गोळा होऊन यंत्राच्या तोंडात अडकत होते. ज्या तीन पट्ट्यांवर पडले त्यांवरही ठिगळासारखे पडले होते, चौथ्यापासून पुढे तर काहीच पडलं नाही. रस्ता बंद ठेवायची परवानगी चारपर्यंतची, साडेतीन वाजलेले, भट्टीतला रंग तयार. थोरल्यानं तसेच पट्टे ओढले. सोमवारी रस्ता परत मागून घेऊ आणि वरून पुन्हा मारू, असं माणसांना सांगितलं आणि घरी येऊन गप्प जेवला. शुक्रवारी संध्याकाळी आप्पा चालून बघायला गेले.

सोमवार दवाखान्यात गेला. मंगळवारी थोरल्यानं खरंच सुकी पोती नेली आणि सगळं क्रॉसिंग नव्यानं मारलं. आणखी कुणाला लागू नये म्हणून मारलं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं. पण आता ती चूक कुणाला दिसणार नाही, हेही त्याच वेळी मनात आलं होतं, आणि ते तर अजिबातच खोटं नव्हतं.

त्याच्या बायकोला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण पट्टे मारून आलेल्या माणसाच्या पँटच्या घडीत मणी अडकलेले असतात, धुताना मोरीत सांडतात, पायाला कचकच लागतात. सोळा वर्षं ती त्या कचकचीवरून नवऱ्याच्या नावानं ओरडत आली होती. त्या गुरुवारच्या पँटमधून एक मणी पडला नाही, आणि मंगळवारच्या पँटमधून मूठभर पडले. ती काही बोलली नव्हती. फक्त तेव्हापासून चहाचा कप त्याच्या हातात न देता समोर ठेवून जात होती.

उद्या अकरा वाजता पोलीस अधिकारी आप्पांचा जबाब घ्यायला घरी येणार होता. आतापर्यंत आप्पा एवढंच म्हणाले होते, की काही आठवत नाही. डोक्याला मार लागलेला म्हणून कुणी रेटून विचारलं नव्हतं. अक्काचं म्हणणं होतं, की उद्या आप्पांना आठवावं. सरळ चालत होतो, समोर बघत होतो, गाडी भरधाव आली, एवढंच आठवावं.

“म्हणजे खोटं,” धाकटा म्हणाला.

“खोटं कसलं? चालतच होते ना? मध्ये जरा थांबले, तेवढं गाळायचं. बाप तुझापण आहे. ती दुसऱ्याचे डोळे तपासते आणि स्वतःला एवढा मोठा माणूस दिसत नाही, त्याचं काही नाही का तुला?”

धाकट्याचं मत उलटं होतं. भरपाई काय मिळायची ती मिळेल, पण त्या पोरीला आणखी खड्ड्यात घालू नये. आता धाकट्याची नजर गेल्या दोन आठवड्यांत अचानक कमजोर झाली होती आणि तो दोनदा तिच्या दुकानात जाऊन आला होता, त्यामुळे त्याच्या मताला घरात जेवढ्यास तेवढंच वजन होतं. पण त्यानं एक गोष्ट सांगितली ती कुणाला माहीत नव्हती. ती आता डोळे तपासत नव्हती. काउंटरला बसून फ्रेमा विकत होती. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, की मला कायद्यातलं कळत नाही, पण तिनं कपाळ दाबून धरलं नसतं तर आज ही बैठक कशावर बसली असती ते प्रत्येकानं मनाशी विचारावं. मग सगळे थोरल्याकडे बघू लागले. धंद्याचा कर्ता तोच, शेवटचा शब्द त्याचा.

“अक्का म्हणते ते बरोबर आहे,” थोरला म्हणाला.

वीस वर्षांत तो पहिल्यांदा अक्काच्या बाजूनं बोलला होता, आणि अक्काला आनंद होण्याऐवजी संशय आला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको आत निघून गेली. आप्पा का थांबले, हा प्रश्न जेवढा दडपला जाईल तेवढा थोरल्याला हवा होता. पट्ट्यांपर्यंत चौकशी गेली तर रस्ते खातं पुढची सगळी कामं काढून घेईल, बारा माणसांच्या घरच्या चुली आहेत, वगैरे वगैरे तो मनात म्हणत होता. सगळं खरं होतं, आणि तरी घशाखाली उतरत नव्हतं.

चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात चष्मेवाली होती. आपण येतोय हे तिनं आईला सकाळीच फोनवर सांगितलं होतं, आणि आईनं ते सोयीस्करपणे पोटात ठेवलं होतं. अपघातात आप्पांचा चष्मा फुटला होता, त्याच्या जागी नवा घेऊन ती आली होती. तिनं तो आप्पांच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे नीट बसला का ते बोटांनी चाचपलं, एक दांडी काढून किंचित वाकवली आणि पुन्हा बसवला. हे करताना तिचा हात अगदी स्थिर होता. नंतर खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याचा पेला तिनं एका दमात रिकामा केला.

अक्का तिच्याशी बोलत नव्हती. दाजी पत्राची घडी घालत आणि उलगडत होते. तीच बोलू लागली, आप्पांकडे बघत.

“काका, तुमचा उद्या जबाब आहे ना. तुम्ही काळजी करू नका. कंपनीचे वकील मला म्हणत होते, तुम्ही थांबला होतात, वाकला होतात असं लिहून द्या. मी नाही देणार. तुम्ही पट्ट्यावर होतात. तुम्ही तिथे काय करत होता ते मला बघायचंच नव्हतं, मला थांबायचं होतं.”

“बाई, तुझा वकील बदल,” दाजी न राहवून म्हणाले. “किंवा निदान त्याला भेटत तरी जा.”

ती थोडं हसली. मग म्हणाली, की ती परवा त्याच वेळेला तिथे परत गेली होती. गाडी बहिणीला चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसली. “वळण घेतल्या घेतल्या पट्टे दिसले. लख्ख. शंभर पावलांवरून दिसतात ते. मला त्या दिवशी दिसलेच नव्हते. मी तीन डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले, ते म्हणतात काही दोष नाही. पण पट्टे होते आणि मला दिसले नाहीत. मग मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू, की हे अक्षर वाचा, ते अक्षर वाचा? म्हणून ते काम सोडलं. शिकायला सहा वर्षं लागली होती.”

आईनं डोळ्याला पदर लावला. धाकटा खिडकीबाहेर बघू लागला.

थोरल्याला एवढा वेळ वाटत होतं, की आपण गप्प राहिलो तर फार तर एका पोरीवर थोडा जास्त ठपका येईल, आणि तो तिनं तसाही आपणहून घेतलेला आहे. आपण मंगळवारी मारलेले पट्टे बघून ती स्वतःच्या धडधाकट डोळ्यांना आंधळं म्हणू लागेल, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. इतके चांगले पट्टे त्यानं आयुष्यात कधी मारले नव्हते. तो उठला आणि उगाचच पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसला.

“त्या दिवशी ते पट्टे दिसत नव्हते,” तो म्हणाला.

“काय?” अक्का म्हणाली.

“त्यावर मणी नव्हते. पोत्यांना ओल लागली होती, यंत्रातून पडेनात, रस्ता उघडायची वेळ झाली होती. मी तसेच ओढले. तुम्ही परवा पाहिलेत ना, ते मी नंतर मारले. मंगळवारी. तुमच्या डोळ्यांत काही बिघाड नाही. त्या संध्याकाळी ते पट्टे कुणालाच दिसले नसते.”

दाजींनी पत्र खाली ठेवलं. “हे तुम्ही मेव्हण्यासमोर बोलताय की वकिलासमोर, ते आधी सांगा.”

“दोघांसमोर. आणि उद्या अकराला पोलिसांसमोर.”

अक्कानं तोंड उघडलं, पण आप्पांनी प्लास्टर नसलेला हात वर केला. त्या घरात एवढ्यानं अजूनही भागत असे. “चौथा पट्टा,” ते म्हणाले. “चालत होतो, दिवे समोर होते, आणि चौथा पट्टा काळा पडला. वाटलं नवा चष्मा लागणार. म्हणून वाकून बोट फिरवलं. गुळगुळीत लागला. मण्यांचा पट्टा खरखरीत लागतो. ते कळलं, आणि वर बघेपर्यंत गाडी.”

“म्हणजे तुम्हाला आठवत होतं,” थोरला म्हणाला.

“सगळं. हिनं कोट काढला तेसुद्धा. पोराच्या विरुद्ध जबाब द्यायचा, ते जमेना. या पोरीच्या विरुद्ध खोटा द्यायचा, तेही जमेना. मग माणसानं काय करायचं? म्हटलं, आठवत नाही.”

थोरल्याला आता रडू आवरेना. पंचेचाळिशीतला माणूस, बारा माणसांचा मालक, बापाच्या गादीच्या टोकाला धरून रडला. त्याची बायको आतून आली आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की तो आणखीच रडला.

मग दाजींनी वही काढली, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. ते म्हणाले, की आता चित्र बदललं. पट्टा दिसण्यासारखा ठेवणं ज्याच्या अंगावर होतं त्याच्याकडे मोठा वाटा जातो. रस्ते खात्यानं न तपासता रस्ता उघडला, थोडा त्यांच्याकडे. वर थोरल्यानं मंगळवारी परत पट्टे मारून मूळ पुरावा बुजवला, तेही आपण होऊन सांगायला लागेल, मागाहून उघडं पडलं तर फार वाईट. बाकी राहिलं ते गाडीकडे.

चष्मेवाली लगेच म्हणाली, की बाकी म्हणजे थोडं नाही. चौकाच्या आधी झेब्राच्या चित्राची पाटी आहे, ती तिला दिसली होती, आणि तरी तिनं वेग कमी केला नव्हता, घरी जायची घाई होती. पाटी पाहिल्यावर हळू व्हायचं असतं, पट्टे दिसोत न दिसोत. ते तिचं आहे, ते कुणी तिच्याकडून काढून घेऊ नये. आप्पा म्हणाले, रहदारीच्या रस्त्यात वाकून बोट फिरवायचं वय आणि वेळ दोन्ही नव्हती, दोन आणे माझेही लिहा. धाकटा म्हणाला, पोती शेडमध्ये भिंतीला चिकटून त्यानंच लावली होती, ओल तिथूनच लागली असणार. थोरला म्हणाला, पोती कशीही असोत, पट्टे त्यानं ओढले. दाजी लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी ते म्हणाले, की बेरीज बावीस आणे होतेय, कुणीतरी माघार घ्या. या घराण्यात आजोबांपासून वाटण्या पुष्कळ झाल्या होत्या आणि एकेका वाटणीनं दोन-दोन पिढ्या बोलणं टाकलं होतं. मोठा वाटा जो तो स्वतःकडे ओढतोय अशी वाटणी मात्र ही पहिलीच. माघार कुणी घेतली नाही.

अक्कानं उठून चष्मेवालीच्या हातातला पेला घेतला, पुन्हा भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. काम जाईल, ती थोरल्याला म्हणाली. वर्षभर तरी जाईल. थोरला हो म्हणाला. धाकटा म्हणाला, की धंद्याला नाव दोघांचं आहे तर उद्या सहीही दोघांची पडेल. अक्का म्हणाली, की मग तीही अकराला येणार, नाहीतर हे दोघं भाऊ भावनेच्या भरात पोलिसांना आणखी काय काय कबूल करून बसतील याचा नेम नाही.

जायला निघताना चष्मेवाली थोरल्यासमोर थांबली. त्यानं मान वर केली नाही. तिच्या रागाचा त्याला हक्क होता असं त्याला वाटत होतं, निदान तो तरी तिनं द्यावा. पण ती म्हणाली, “मी मंगळवारपासून तपासायला बसेन. तुम्ही सांगितलंत, बरं झालं.” तिच्या आवाजात राग होता की नाही हे त्याला नीट कळलं नाही, पण आभार होते हे कळलं, आणि ते घेताना त्याचा जीव अर्धा झाला. आई तिला खालपर्यंत सोडायला गेली. जिन्यातून बराच वेळ आईचाच आवाज येत होता.

संध्याकाळ झाली. दाजी आणि अक्का निघाले, धाकटा शेडमधल्या पोत्यांच्या नावाखाली कुठेतरी गेला. बायको चहा घेऊन आली आणि कप तिनं थोरल्याच्या हातात दिला. तो अजून पलंगाच्या पायथ्याशीच बसला होता. आप्पा नव्या चष्म्यातून त्याच्याकडे बघत होते.

“जो येतो तो मला म्हणतो, वाचलात हो, नशीब,” ते म्हणाले. “सतरा दिवस मी आपला हो हो म्हणत होतो. तू बोलशील की नाही, याचाच घोर होता. पाय काय, जुळेल.”

आप्पांनी उशीवर मान टेकली.

“वाचलो ते बरं झालं,” ते म्हणाले. “हे आज पहिल्यांदा वाटलं.”